भिंतीला पाठ लावून

१

बातमी आली तेव्हा मी प्लंबरशी भांडत होतो. स्वयंपाकघरातला नळ त्यानं आदल्याच आठवड्यात दुरुस्त केला होता आणि आता तो आधीपेक्षा जास्त गळत होता. प्लंबरचं म्हणणं, नळ ठीक आहे, पाण्याचा दाब जास्त आहे.

"म्हणजे चूक पाण्याची?" मी विचारलं.

"तसंच म्हणा ना, साहेब."

तेवढ्यात फोन वाजला. दोऱ्याच्या दुकानदाराचा होता. बायको सकाळीच त्याच्याकडे रिळं आणायला गेली होती. मी त्याला बोलूच दिलं नाही. "तिला सांगा, येताना नळाचा वायसर आण. इथे माझं डोकं फिरायची वेळ आलीय."

त्यानं माझं पुरं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, ताबडतोब इकडे या. ताईंना बसल्या बसल्या काहीतरी झालं. डॉक्टर आले होते. ते म्हणतात, आता उपयोग नाही."

जिना उतरताना खालच्या कारखान्याच्या काचेच्या दारातून आत नजर गेली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, पण बायको तिला कारखानाच म्हणायची. आत पोरी शिवत होत्या. पाचही मशीनं एका लयीत चालली होती. कापड सरकवताना तळहात किंचित तिरका धरायचा, ही तिची सवय. पाच जोड हात तसेच तिरके होऊन कापड पुढे सरकवत होते. मी दाराशी थांबलो. ह्यांना काही सांगायला हवं का, असा एक वेडगळ विचार मनात आला. मग प्लंबर मागून म्हणाला, "चला साहेब, मी सोडतो तुम्हाला," आणि आम्ही निघालो.

२

पोरी हे तिनंच दिलेलं नाव. त्या माणसं नव्हत्या. कमरेपासून वर माणसासारख्या, खाली चाकांचा पाया. अंग माझ्या मेहुण्यानं बनवलेलं. हा तिचा धाकटा भाऊ. लहानपणापासून हातात सतत पाना असायचा म्हणून घरात सगळे त्याला पान्या म्हणत. शिकून इंजिनिअर झाला तरी नाव पान्याच राहिलं. आईवडील लवकर गेले, त्यामुळे त्याला हिनंच वाढवलेलं. त्याची चाळिशी आली तरी ती मला सांगायची, "त्याच्याकडे लक्ष असू द्या हं. कामात शिरला की जेवायचंसुद्धा भान नसतं त्याला."

चेहरा मात्र पान्याला जमला नाही. शेवटी तिनं पाचही जणींच्या चेहऱ्याच्या जागी जाड पांढरं सुती कापड ताणून शिवलं. मधोमध एक काज, आतल्या कॅमेऱ्यापुरतं. मला ते पाहवत नसे. मी वर बसून शाळेची पाठ्यपुस्तकं लिहायचो आणि शक्यतो खाली जायचो नाही.

शिकवलं तिनं. पान्याचा विचार होता की चूक झाली की लाल दिवा लागावा, कुठे चुकलं ते पडद्यावर दिसावं. तिनं ते हाणून पाडलं. "चूक दाखवली की तेवढीच दुरुस्त करतात," ती म्हणायची. "दाखवली नाही की सगळंच नीट करतात." तिची पद्धत अशी: बोलायचं नाही, दाखवायचं नाही. केलेलं सगळं उसवायचं. दोरा सरळ करून कडेला ठेवायचा, कापडाचे तुकडे पहिल्यासारखे मांडायचे, आणि भिंतीला पाठ लावून, हात पोटाशी घेऊन उभं राहायचं. पुन्हा. त्या शिवायच्या, ती उसवायची. जमलं की जवळ येऊन कापडावरून एकदा हात फिरवायची. तेवढीच शाबासकी.

लग्नानंतर पहिल्या वर्षी माझ्या स्वयंपाकाशीही ती असंच वागली होती. म्हणून मी हॉटेलातून आणायला लागलो.

३

माणसं भेटायला येऊन गेली. मुलगीही येऊन परत तिच्या गावी गेली. जाताना म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याकडे या. आणि मामालाही घेऊन या. तो इथे एकटा राहिला तर वाळून जाईल."

पान्या तोपर्यंत आपली खोली सोडून आमच्याकडे राहायला आला होता. ठरलं असं: दवाखान्याच्या झग्यांची हातातली ऑर्डर पुरी करायची, पोरी एका कापडगिरणीवाल्याला देऊन टाकायच्या, खोलीला कुलूप लावायचं आणि दोघांनी मुलीकडे जायचं. आठवडाभराचं काम. मला एवढंच हवं होतं. तिचे हात मरून गेले होते आणि तरी खाली दिवसभर चालत होते. त्यातून पान्याला बाहेर काढायचं आणि निघायचं.

एका सकाळी माझ्या शर्टाचं बटण तुटलं. मीच लावलं. वाकडं लागलं असेल, पण लागलं. शर्ट इस्त्रीला खाली ठेवला, कारण इस्त्रीचं टेबल तिथेच. दुपारी आणायला गेलो तर शर्ट घडी करून ठेवलेला, घडीवर बटण, आणि बटणाशेजारी दोरा. सरळ, ताणून ठेवलेला.

कटिंग मास्तर टेबलाशी आपलं सामान पिशवीत भरत होते. कापड बेतायचं काम तेवढं पोरींना दिलेलं नव्हतं, ते मास्तरच करत.

"मास्तर, माझं बटण कोणी काढलं?"

"बटणाचं काय घेऊन बसलात, साहेब? इकडे या." त्यांनी माझा दंड धरून मला टेबलापाशी नेलं. झग्यांचे कापलेले भाग टेबलावर एकमेकांना चिकटवून मांडले होते. कातरलेल्या कडांना कडा लावून. लांबून पाहिलं तर अख्खं कापड अंथरलंय असं वाटावं. "कापड परत करतायत मला. कापलेलं! ह्याचं मी काय करू? परत विणू?"

"कापण्यात काही चुकलं असेल."

"मग बोला ना म्हणावं! कुठे चुकलं ते सांगा!" ते भिंतीकडे वळून ओरडले. भिंतीला पाठ लावून पाचही जणी उभ्या होत्या. हात पोटाशी. "ताईंचं ऐकून घेतलं, त्या ताई होत्या. ह्या डब्यांचं मी ऐकणार नाही. तुमचा राग नाही, साहेब. येतो मी."

मास्तर दाराबाहेर दिसेनासे झाले. मी पोरींकडे पाहिलं. कुणी हललं नाही. शर्ट घेतला, वर आलो, बटण पुन्हा लावलं. ह्या वेळी जरा सरळ.

४

"चार्जिंगला उभ्या राहत असतील," पान्या म्हणाला.

"चार्जिंगचे प्लग समोरच्या भिंतीत आहेत."

"मग ताई नाही म्हणून गोंधळल्यात. शाबासकी मिळाल्याशिवाय काम पुरं झालं हे कळत नाही त्यांना. मी देतो." आम्ही खाली गेलो, एका तयार झग्यावरून त्यानं हात फिरवला, अगदी तिच्यासारखा. सर्वांत बुटकी पोर पुढे आली, झगा त्याच्या हातातून हळूच काढून घेतला आणि आमच्यादेखत उसवायला लागली. कट्, कट्, कट्. बाही निघाली. गळा निघाला. मग ती मागे सरकत भिंतीला टेकली.

"अपमानच केला की हिनं माझा," पान्या हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

"उद्याच खोक्यात भर आणि पाठवून दे."

त्यानं भरल्या. लाकडी खोकी आणली, भुसा घातला, झाकणं ठोकली. चांगला घामाघूम होऊन वर जेवायला आला. जेवून खाली जातो तर खोकी सुटी. फळ्या एका बाजूला रचून, खिळे लांबीप्रमाणे ओळीत, भुसा पोत्यात परत. पोरी भिंतीला.

"आतून कसं काय उघडलं?" मी विचारलं.

"एकीला मी शेवटी भरलं ना. तिनं बाकीच्यांना… नाही, पण तिलाही भरलं होतं." तो डोकं खाजवू लागला. "झाकण सैल बसलं असणार. मीच घाईत ठोकलं."

त्यानं परत ठोकलं. मी उभा राहून पाहिलं, सैल नव्हतं. आम्ही जिन्यापर्यंत जाऊन परत आलो, एवढ्यात पहिली फळी निघालेली. तिसऱ्या खेपेला पान्याचा तोल सुटला. त्यानं फळीला लाथ घातली, फळी उलटून त्याच्या हातावर आली आणि खिळ्यानं तळहात चांगला फाटला. दवाखान्यात नेऊन टाके घालून आणले. वाटेत तो म्हणाला, "भाऊजी, खोकी चुकीची बांधली असं त्यांचं म्हणणं आहे. मापात काहीतरी चुकतंय माझं."

"काही म्हणाल्या का त्या तुला?"

"नाही."

"मग कसलं म्हणणं?"

"तीच तर ताईची पद्धत ना."

मी कपाळावर हात मारून घेतला.

५

दुसऱ्या दिवशी मी स्वतः खाली जाऊन मेन स्विच बंद केला. साधा उपाय होता, आधीच करायला हवा होता. मशीनांवरचे दिवे विझले. पोरी तशाच उभ्या. पान्या म्हणाला, त्यांच्या पोटात बॅटरी आहे, संध्याकाळपर्यंत उतरेल. तो तिथेच आरामखुर्चीत बसून राहिला. "उतरली की भरतो. तुम्ही वर जा." दुखणं कमी व्हायच्या गोळीनं त्याचे डोळे मिटत होते.

दुपार टळत आली तेव्हा मी त्याला कॉफी घेऊन गेलो. तो गाढ झोपला होता. जखमेचा हात मांडीवर उताणा. पट्टी सोडून तिची बारीक घडी केलेली, आणि तळहातावर काही नाही. म्हणजे टाके नाहीत. फाटलेली रेघ तेवढी होती, कोरडी, जरा उघडी. खुर्चीच्या हातावर काळे दोरे ठेवले होते. एकाशेजारी एक. सरळ.

कॉफी माझ्याच पायावर सांडली. पान्या जागा झाला, हाताकडे बघितलं, आणि ओरडला नाही. "दुखलं नाही काही," असं म्हणाला.

झोपेत त्यानं स्वतःच पट्टी ओढली असेल. झोपेत माणसं काय वाट्टेल ते करतात. पण झोपेत कुणी घडी करत नाही. आणि मी काहीही म्हटलं तरी दोरे सरळ होते.

डॉक्टर चिडले. "टाके इतक्या लवकर कुणी काढायला सांगितले? कुठल्या डॉक्टरकडे गेला होतात?"

"कुठेच नाही."

"काढलेत मात्र सफाईनं," ते दिव्यात बघत म्हणाले, आणि पुन्हा घातले.

त्या संध्याकाळी मी पान्याला वरच्या खोलीत झोपवलं आणि कारखान्याला बाहेरून कुलूप लावलं. पोरींना जिना चढता येत नव्हता, त्याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं. गिरणीवाल्याला फोन करून सांगितलं, तुमची माणसं घेऊन या आणि उचलून न्या, खोकी नकोत, पैसेही नकोत. तो म्हणाला, "मग असं काय बिघडलंय त्यांच्यात?" मी म्हणालो, तुम्हीच येऊन बघा. नंतर त्यानं माझा फोन उचलला नाही.

६

सकाळी उठलो तर पान्या अंथरुणात नव्हता. किल्ली खिळ्याला नव्हती. कारखान्याचं दार उघडं, मेन स्विच चालू, पान्या टेबलाशी स्टुलावर. टेबलावर बुटकी पोर. म्हणजे तिचं सगळं. हात वेगळे, बोटं वेगळी, बोटांची पेरं वेगळी, वायरी गुंडाळून, स्क्रू आकाराप्रमाणे. चेहऱ्याचं कापड उसवून, घडी करून उशाशी. चौघी भिंतीला उभ्या.

"तू केलंस हे?"

"मी आलो तेव्हा असंच होतं." त्याच्या आवाजात घाबरणं नव्हतं. शाळकरी पोराला कठीण गणित मिळावं तसं काहीतरी होतं. "भाऊजी, लक्षात येतंय का? झगे नाही, खोकी नाही. मी ह्यांना बनवलं तेच चुकलंय. तेच त्या सुरुवातीपासून सांगतायत."

"सांगतायत कुठे, पान्या? कुणी काही सांगत नाहीये! चूक काय आहे ते एकदा तरी सांगू देत म्हणावं, मग बघू!"

"सांगितलं तर मी तेवढीच दुरुस्त करीन," तो म्हणाला, आणि पाना उचलला.

संध्याकाळपर्यंत त्यानं तिला जोडलं. ती उठून बसली, हात हलवले, मान फिरवली. मला वाटलं, संपलं एकदाचं. मग भिंतीपासून दोघी पुढे आल्या आणि तिला आडवं केलं. ती आपणहून आडवी झाली, हे मला जास्त लागलं. कट्, कट्. पान्या हात पुसत बघत राहिला.

पुढचे दिवस मी ताटं घेऊन खाली आणि तशीच भरलेली ताटं घेऊन वर, एवढंच करत होतो. मी समजावलं, ओरडलो, ताट आपटलं. "ऊठ. गाडीची तिकिटं काढलीत मी."

"एकदाच, भाऊजी. ह्या वेळी जमेल."

"असं तू कालही म्हणालास."

"काल जमणार नव्हतं. हात मी बनवले, पण बसवले ताईनं ना. ती बोटांत काय करायची ते मला कधी दाखवलं नाही तिनं. पण येतंय हळूहळू."

मी त्याचा दंड धरून ओढला तर चौघींच्या माना माझ्याकडे वळल्या. एवढंच. कुणी पुढे आलं नाही. मी दंड सोडला.

७

एका सकाळी तो आपणहून म्हणाला, जरा बाहेर पडू या. मला इतका आनंद झाला की मी चप्पल उलटसुलट घातली. कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. उन्हात बसल्यावर त्याचा चेहरा बरा दिसला. मी मुलीचं नवं घर, खोल्या, त्याच्यासाठी ठेवलेली खिडकीजवळची जागा, सगळं सांगत सुटलो. तो मान हलवत होता.

पोऱ्यानं कॉफी आणली. पान्यानं एक घोट घेतला. मग पेला उचलून तो काउंटरपाशी गेला, कॉफी किटलीत परत ओतली, पेला धुतला, पुसला, फळीवर जिथून काढला होता तिथे उपडा ठेवला. आणि तीन पावलं मागे सरकून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. हात पोटाशी.

"काय झालं? साखर कमी आहे का?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

पान्या फळीवरच्या पेल्याकडे बघत राहिला.

"अहो, काय पाहिजे ते सांगा की!"

हॉटेलवाला माझ्याकडे बघायला लागला. गिऱ्हाइकं बघायला लागली. मी पैसे ठेवले, त्याला हाताला धरून बाहेर आणलं आणि रस्त्यात इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या अंगावर ओरडलो. "तू माणूस आहेस! तोंड आहे तुला!"

"हो की," तो म्हणाला. "चुकलं माझं." आणि हसला. अगदी नेहमीसारखा हसला. दाराशी येईपर्यंत माझी खात्री पटली होती की तो मला चिडवत होता. बहीणभावांना तसली सवयच होती. मी वर बॅगा भरायला गेलो. तो म्हणाला, खालचा दिवा घालवून येतो.

८

बॅगा भरून झाल्या. तो आला नाही. खालून आवाजही येत नव्हता. पाना नाही, कट्कट् नाही. ऊन खिडकीच्या गजांवरून उतरलं तेव्हा मी खाली गेलो.

काचेच्या दारातून आधी भिंतच दिसली. पाच जणी ओळीनं उभ्या होत्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. बुटकी उभी आहे, म्हणजे जमलं. पान्याला जमलं. आता तो हात धुऊन येईल आणि आम्ही निघू.

मग टेबलाकडे नजर गेली. टेबलावर बुटकीचे भाग होते. हात, बोटं, पेरं, ओळीनं. त्यांच्या पलीकडे पान्याचा शर्ट होता, पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळी, दोरे शेजारी. स्टूल टेबलापासून ओढून ठेवलं होतं. रिकामं.

मी परत भिंतीकडे पाहिलं. मला मोजायचं नव्हतं. चौघींना खाली चाकं होती. पाचवा त्यांच्या उंचीचाच होता, दवाखान्याचा झगा घातलेला, हात पोटाशी. चेहऱ्यावर पांढरं सुती कापड होतं, चारी कडांनी बारीक, सुंदर टीप घातलेलं. मधोमध काज. काजामागे काय आहे ते इतक्या लांबून दिसत नव्हतं. झग्याखाली पाय होते.

मी काचेवर टकटक केलं. त्याला हाक मारली. त्याच्या खऱ्या नावानंसुद्धा मारली, जे कधीमधी फक्त त्याची बहीण वापरायची. पाचही माना एकदम वळल्या. माझ्याकडे नाही. स्टुलाकडे.

कितीतरी वेळ मी तिथे उभा होतो. दाराला कुलूप नव्हतं, कडीही नव्हती. मी आत जाऊन त्या स्टुलावर बसलो असतो तर काय करायचं ते मला कळलं असतं का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. मी पाना कधी हातात धरलेला नाही. चूक कुठे आहे ते मला माहीत नाही. ते कुणी सांगणार नाही. आणि सगळे थांबलेत, अजिबात घाई नसल्यासारखे.

मुलीचा रोज फोन येतो. कधी निघताय विचारते, मामा जेवतो का विचारते. मी म्हणतो, काम जरा राहिलंय.

मी अजून ते दार उघडलेलं नाही.